पाय धुवायचा दगड

परंड्याची ओळख म्हणजे किल्ला, असं मी पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. लेकीचे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनाही किल्ला दाखवला. भिंतीतली कोरीव फुलांची रांग मधेच तुटलेली बघून तावातावानं म्हणालो, "लोकांनी दगड पळवले हो! लाज कशी वाटत नाही?"

घरी येताच त्यांच्या पायांवर पाणी घालायला तांब्या घेतला. अंगणातल्या दगडावर पाय ठेवताना ते थबकले. त्यावर तेच फूल होतं.

दगड वडिलांनी किल्ल्यातून आणलेला. मला ते ठाऊक होतं. त्या 'लोकांत' आपणही येतो, एवढंच ध्यानात नव्हतं.

"व्याही, किल्ला लई जवळ हाय की तुम्हाला," म्हणत त्यांनी दगडाशेजारी मातीतच पाय धुतले. मी खाली मान घालून पाणी घालत राहिलो.