न करकरणारं दार

माझे भावजी सुतार. घरातल्या निजायच्या खोलीचं दार त्यांनी स्वतः बसवलेलं, आणि तीस वर्षांत त्या दाराने हूं की चूं केलं नव्हतं. दार वाजलं म्हणजे सुताराने पाट्या टाकल्या, असं त्यांचं मत. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी बिजागऱ्या बघायचे, मग चहा.

भुताच्या सिनेमावाल्यांना हे जुनं घर पसंत पडलं. माझी ताई तर हुरळूनच गेली. दिग्दर्शकाने दार ढकललं. चिडीचूप.

"काका, जरा करकरायला हवं हो."

"माझं दार? ते नाही जमायचं."

त्याच्या हाताखालच्या पोरांनी बिजागऱ्यांत वाळू घातली. ती जेवायला गेली तेवढ्यात भावजींनी वाळू झाडून वर तेल सोडलं. असं तीनदा झालं. शेवटी दिग्दर्शक वैतागला, म्हणाला, "सोडा, आवाज नंतर भरू."

सिनेमा लागला. आम्ही तिघं दुपारच्या खेळाला गेलो. पडद्यावर ते दार असं कण्हत उघडलं की अख्खं थिएटर किंचाळलं. काय एकेक नग! पदरचे पैसे देऊन घाबरायला आलेले, तोंडात लाह्यांचा बोकाणा, डोळ्यांवर हात आणि बोटांच्या फटीतून बघणं चालूच. भावजी ताडकन उभे राहिले.

"ते दार वाजत नाही!"

"ओ काका, खाली बसा, भूत दिसत नाहीये!"

मग ही बिनडोक मंडळी घर बघायला येऊ लागली. भावजी प्रत्येकाला दार उघडून दाखवायचे. "ऐका." ऐकायला काहीच नसायचं. लोक तोंड वाकडं करून म्हणायचे, "हे ते घर नव्हेच," आणि तरी फोटो काढून जायचे. परक्यांची अक्कल गेली चुलीत. पण ताईसुद्धा त्या खोलीत एकटी जाईना.

"अहो, करकरतं ते," ती म्हणाली. "मला रोज ऐकू येतं."

"आणि ही तीस वर्षं?"

"तेव्हा माझं लक्ष नसेल."

मला बहिणीची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. सकाळी त्यांनी दार उतरवलं, भिंतीला उभं केलं आणि चौकटीत जुनी चादर टांगली.

"आता कसं बरं वाटतंय," ताई म्हणाली.