मेजरांचं सार्वमत

"त्ये झालं. आता दुसऱ्या दिवसाचं बोला."

मेजरांचं हे वाक्य ठरलेलं. ते म्हणण्याआधी दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवायचे, पाठ ताठ करायची आणि फोटोला बसल्यासारखं समोर बघायचं. कुणी लग्न ठरल्याचं सांगत असो, बोअरला पाणी लागल्याचं सांगत असो, मेजरांना दुसरा दिवस हवा असायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याच्यापुढे पेढे धरावेत, तर तो आधी विचारतो, डबा परत कुणी न्यायचा.

मी तेव्हा कवठे महांकाळकडच्या एका गावात ग्रामसेवक होतो. मूळचा मी मेढ्याचा. आमच्या डोंगरात पाऊस पुरे म्हणायची वेळ येते, आणि इथं आभाळाकडे बघून लोकांच्या माना आखडलेल्या. मेजर हुद्द्यानं हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पण आमच्या सातारा-सांगलीकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच. खरा मेजर गावात आला तर त्याला काय म्हणतील, देव जाणे.

ग्रामपंचायत एक, पण वस्त्या दोन. ओढ्याच्या अलीकडे गाव, पलीकडे वाडी. मेजर वाडीचे. पाण्याची टाकी गावात, पंचायतीचं ऑफिस गावात, सरपंच कायम गावचा. वाडीला पाचव्या दिवशी पाणी यायचं, आणि तेही टाकीत उरलं तर. मी तिथं रुजू झालो त्याच वर्षी वाडीतल्या तरुणांनी मागणी काढली की आम्हाला स्वतंत्र ग्रामपंचायत पाहिजे.

'स्वतंत्र' हा शब्द एकदा तोंडात आला की माणसाला दुसरं काही गोड लागत नाही, हे मी त्या वर्षी पाहिलं. चहाच्या टपरीवर रोज राज्यघटना चिरली जायची. गावातले म्हणायचे, "तुमचे आजे मेंढरं घिऊन भटकत हुते. आमच्या आज्यांनी रानात जागा दिली म्हणून तुमी बसला." वाडीतले म्हणायचे, "आमची मेंढरं तुमच्या रानात बसली म्हणून तुमची जवारी उगवली. लेंडीखताचं उपकार इसरला व्हय?" दोघांचंही खरं होतं. खरं असल्यामुळेच भांडण मिटत नव्हतं. वाडीच्या पोरांनी तर ठराव व्हायच्या आधीच पंचायतीची पाटी रंगवून आणली. सरपंचाच्या नावाची जागा कोरी ठेवली होती, आणि त्या कोऱ्या जागेवरून वाडीत दोन तट पडले. मी ऑफिसात बसून हे सगळं ऐकायचो आणि दाखल्यांवर शिक्के मारायचो. नोकरीत माणूस बोथट होतो. मी जरा लवकर झालो होतो.

या मागणीचा पुढारी होता मेजरांचा एकुलता मुलगा. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, बोलायला तयार, कामालाही तयार. आणि त्याच्याकडे असा एक हुकमाचा पत्ता होता जो तालुक्यात कुणाकडे नसेल. त्याच्या वडिलांनी देश स्वतंत्र होताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

थाप नव्हती ही. मेजर निळी टोपी घालून शांतिसेनेत सुदानला गेले होते. दक्षिणेकडच्या लोकांना वेगळा देश हवा की नको, यावर तिथं सार्वमत झालं, आणि त्या आठवड्यात मेजर बंदोबस्ताला होते. टपरीवर वाद फार चढला की कुणीतरी म्हणायचं, "मेजर, त्ये सुदानचं सांगा." मग मेजर सांगायचे.

"पहाटंपासनं रांग. लांबच्या लांब. बाया डोक्यावर बाकडं घिऊन आल्याल्या, बसायला. चिठ्ठीवर दोन चित्रं. एक हात वर क्येल्याला, म्हंजी येगळं व्हायचं. दोन हात एकमेकांत धरल्यालं, म्हंजी संगट ऱ्हायाचं. ज्येला जे पायजे त्येच्यापुढं अंगठा."

"हात?" एका म्हाताऱ्यानं एकदा विचारलं. "मग त्यो पक्ष तिकडंबी हाय म्हणा की!"

सगळे हसले. मेजर हसले नाहीत, पण त्यांना राग आला नाही. ते पुढे सांगत राहिले. लोक गात होते, नाचत होते. एका म्हातारीनं शाई लागलेला अंगठा त्यांच्या नाकासमोर नाचवला आणि त्यांचा हात धरून बंदोबस्ताच्या रांगेतून बाहेर ओढलं.

"आन?" लोक विचारायचे.

"आन काय न्हाई," मेजर म्हणायचे आणि चहाचा कप विसळायला उठायचे. मी ही गोष्ट सात-आठ वेळा ऐकली. दर वेळी म्हातारीनं हात धरला की गोष्ट संपायची.

ग्रामसभेची तारीख लागली. मुलगा वडिलांना म्हणाला, "आप्पा, तुमी बोलायचं. तुमी बोलला तर गावबी गप बसंल." मेजर म्हणाले, "बघू." वाडीनं ते 'हो' असं धरलं. मला मात्र वाटायचं की मेजर सभेत उठणार आणि विचारणार, दुसऱ्या दिवशी टाकी कुणाची, शाळा कुणाची. आणि वाडीच्या उत्साहावर पाणी पडणार. तेही पाचव्या दिवसाचं नाही, एकदम.

ठरावासोबत वाडीच्या घरांची, माणसांची, जन्म-मृत्यूची यादी जोडायची होती. मेजरांचं अक्षर सुरेख, म्हणून मी त्यांना मदतीला बोलावलं. आठ दिवस ते रोज साडेदहाला ऑफिसात यायचे. मी जुन्या रजिस्टरातून नावं वाचायचो, ते लिहायचे. अशी मेलेली माणसं वाचत बसलं की पहिल्या दिवशी वाईट वाटतं. तिसऱ्या दिवसापासून काही वाटत नाही.

चौथ्या दिवशी मी एक नाव वाचलं आणि थांबलो. आडनाव मेजरांचं होतं, पतीच्या जागीही मेजरांचंच नाव. मृत्यूचं ठिकाण मात्र वाडी नव्हे, गाव. खबर देणारा, मयताचा भाऊ. आणि तारीख जानेवारीतली, त्या सार्वमताच्या आठवड्यातली.

मेजरांनी लेखणी खाली ठेवली नाही. म्हणाले, "वाचा की."

"मेजर, ही..."

"व्हय. मालकीण माझी." त्यांनी नाव लिहिलं. शाई वाळू दिली. मग बोलले, हळू, हवामान सांगावं तसं. "छातीत कळ आली तिच्या. वाडीत गाडी न्हवती. भावानं पाठीवर घिऊन वडा वलांडला, आपल्या घरी आणली. जीप यायच्या आधी त्येच्या वट्यावर गेली. पोरगं तवा आठवीत. मामानं त्येचा हात धरून अग्नी द्याया लावला. सगळं गाव हुतं संगट. मला तिसऱ्या दिवशी निरोप आला. तेराव्याला पोचलो."

मी रजिस्टरातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

"ती म्हातारी हाय न्हवं, भाऊसाहेब, तिनं हात धरला माझा. आन मी नाचलो. वर्दीत, निळी टोपी घालून. लय येळ न्हाई, असंल दोन मिन्टं. नंतर मी हिशेब घातला. टैम जुळतुया." त्यांनी पुढचा रकाना आखला. "फुडचं नाव सांगा."

मी पुढचं नाव सांगितलं. त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत यादी केली आणि चुका फार कमी झाल्या.

आता मला कळलं की मेजरांपुढे काय पडलंय. ज्या गावानं त्यांच्या बायकोला शेवटचं नेलं, त्या गावाविरुद्ध त्यांना हात वर करायचा होता. आणि करायला सांगणारा त्यांचा स्वतःचा मुलगा होता. आई गेल्यावर मेजर पेन्शनीत येईपर्यंत तो मामाच्या घरात जेवला-झोपला होता. त्यात हा मामा, म्हणजे मेजरांचा मेव्हणा, गावाच्या बाजूचा सगळ्यात कडवा माणूस. मूळचं त्याचं घराणंही वाडीतलंच, दोन पिढ्यांपूर्वी गावात जागा घेऊन राहिलेलं. नवा गावकरी जुन्या गावकऱ्यापेक्षा चार बोटं जास्तच गावकरी असतो. तो टपरीवर उघड म्हणायचा, "वाडी फुटली तर मला भाचा न्हाई आन दाजीबी न्हाई."

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात झाली. एरवी कोरम भरायला शिपाई घरोघर पाठवावा लागतो. त्या दिवशी माणसं झाडावर बसली होती. गाव डावीकडे, वाडी उजवीकडे, मधे मी टेबल टाकून. दोन तास आरडाओरडा झाला. मग मुलगा म्हणाला, "आता आप्पा बोलतील," आणि पटांगण गप्प झालं.

मेजर उठले. त्यांनी वाडीकडे बघितलं नाही, मेव्हण्याकडे बघितलं.

"माझी मालकीण ह्या गावानं उचलली," ते म्हणाले. "मी न्हवतो. ह्यो माझा मेव्हणा हुता, म्हणून ती वाडीच्या धुळीत पडून गेली न्हाई. माझं पोरगं ह्येच्या ताटात जेवलंय. ह्ये मी मरस्तवर इसरणार न्हाई."

गावाकडून कुणीतरी टाळी वाजवली.

"थांबा की," मेजर म्हणाले. "वाडीत पाचव्या दिवशी पाणी येतंय. बाया रातच्याला हिरीवर नंबर लावत्यात. ह्येबी खरं हाय. वाडी येगळी व्हावी. माझं मत हाय." आणि त्यांनी हात वर केला. अजून कुणी मत मागितलंही नव्हतं.

मग वाडीचे सगळे हात वर गेले. त्या दिवशी पटांगणात वाडीची डोकी जास्त होती. ठराव मंजूर झाला. मेव्हण्यानं खांद्यावरचा टॉवेल झटकला, नीट घडी घातली आणि तो पटांगणातून निघून गेला. मेजरांचा हात मोजणी संपल्यावरही वरच होता. मीच त्यांना म्हणालो, "मेजर, झालं. खाली घ्या."

नंतर मी त्यांना विचारलं, तुमचा नेहमीचा प्रश्न का विचारला नाही? ते म्हणाले, "उत्तर मला ठावं हुतं."

आम्हालाही पुढे कळलं. ठराव वर गेला आणि तो अजून खाली आलेला नाही. पंचायत समितीत विचारलं तर जिल्हा परिषदेत आहे म्हणतात, तिथं विचारलं तर मुंबईला गेलाय म्हणतात. पाणी अजून पाचव्या दिवशीच येतं. रंगवलेली पाटी कुणाच्यातरी गोठ्यात उभी आहे. कागदावर गाव एकच आहे, पण गावचा माणूस वाडीच्या लग्नाला जात नाही आणि वाडीचा माणूस गावच्या मातीला जात नाही. फाळणी झाली, स्वातंत्र्य तेवढं यायचं राहिलं. मुलगा कंटाळून पुण्याला कंपनीत लागला. मला याचं दुःख व्हायला हवं होतं. झालं नाही. मी दर महिन्याला वर स्मरणपत्र पाठवत होतो, त्यात काय ते आलं.

मग एका हिवाळ्यात मेव्हण्याच्या अंगावरून वारं गेलं. डावं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. त्याची मुलं बाहेरगावी, घरात एकटी सून. दुसऱ्या आठवड्यात वाडीनं पाहिलं की मेजर सकाळी ओढा ओलांडून गावात निघालेत. मग ते रोजच जायला लागले. मेव्हण्याला उठवायचं, अंघोळ घालायची, कपडे बदलायचे, उन्हाला बसवायचं. वाडी म्हणाली, मेजर फितूर झाले. गाव म्हणालं, आता उपकार फेडायची आठवण झाली. मेजर दुसऱ्या दिवशी सकाळीही ओढा ओलांडून गेले.

एवढं करून मेव्हणा त्यांच्याशी बोलत नव्हता. वाडीचं म्हणणं, त्याला बोलताच येत नाही. पण सून सांगायची की मामंजी भाजी अळणी झाली तर बरोबर बोलतात. मेजरांना मी एकदा रस्त्यात गाठून विचारलं. ते म्हणाले, "बोलू दे, न बोलू दे. दाढी तर वाढतीया न्हवं?"

माझी बदली साताऱ्याकडे झाली. जायच्या दिवशी मी ट्रंक घेऊनच निरोप घ्यायला मेव्हण्याच्या घरी गेलो, कारण मेजर सकाळी तिथंच सापडायचे. अंगणात खुर्चीवर मेव्हणा बसलेला, गळ्यात टॉवेल, गालांना साबण. मेजर वस्तरा घेऊन वाकलेले. मी जवळ गेलो तेव्हा मेव्हण्यानं माझ्याकडे बघितलं आणि जड जिभेनं, पण स्पष्ट म्हणाला, "भाऊसाहेब, ह्येंला सांगा. मिशी काढायची न्हाई."

मेजरांचा वस्तरा थांबला. तेही त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "त्येला सांगा, मिशीला हात लावत न्हाई. मान हालवू नगो म्हणावं."

दोघांच्या तोंडांत वीतभर अंतर नसेल. मी मेव्हण्याला सांगितलं, मान हलवू नका. मेजरांना सांगितलं, मिशी राहू द्या. दोघांनी माना डोलावल्या. मग मेव्हणा म्हणाला, "पाणी गार हाय म्हणावं." मी सांगितलं. मेजर म्हणाले, "तापवून आणतो म्हणावं." मी तेही सांगितलं.

माझी एसटी साडेअकराची होती. ती वेशीवर आली, हॉर्न वाजवून गेली. मेजर घरातून गरम पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले, की हा आता बसतोय की निघतोय. मी ट्रंक खाली ठेवली आणि खुर्ची जवळ ओढली.