वाणात मिळालेली गोळी

“आपका थायरॉइड ज़्यादा काम कर रहा है,” रिपोर्टवरून नजर न उचलता डॉक्टर म्हणाले. आधी वाटलं, चला, घरात माझ्याशिवाय आणखी कुणीतरी जास्त काम करतंय. मग ते औषधांबद्दल बोलू लागले आणि माझा विनोद तिथेच संपला.

तक्रार एवढीच होती की केस गळत होते. झाशीत ही तक्रार नसलेली बाई मला अजून भेटायची आहे. तपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, फार कमी आलं आणि टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, जास्त. असं झालं की छाती धडधडते, हात थरथरतात, वजन उतरतं म्हणे. माझं वजन तर ढिम्म हलत नव्हतं.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, हात पुढे धरायला लावले. सगळं ठीक. तेही जरा बुचकळ्यात पडले. रक्त पुन्हा तपासू, आजार पक्का झाला तर औषध सुरू करू, ते बराच काळ घ्यावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. दुसरं काही औषध चालू आहे का, हेही विचारलं. मी ठणकावून “नहीं जी” म्हणाले.

मी कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तपासते. आकडा आणि समोरची वस्तू जुळली नाही, तर वस्तूला दोष देण्याआधी आम्ही मीटर आणि जोडण्या बघतो. ही खोड काही गेटवर ठेवून घरी येता येत नाही. औषधाची भीती वाटत होतीच, पण आकडा असा का यावा, हा किडा त्याहून जास्त वळवळत होता.

दुसरी रिपोर्टही तशीच आली. ती दाखवायला गेले तर बाकावर काकू. काकूंचं घर लक्ष्मी गेटजवळ, कित्येक पिढ्यांचं. संक्रांतीचं हळदीकुंकू आम्हा सगळ्या मराठी बायकांचं त्यांच्याकडेच असतं. मला बघून त्यांनी हातातला कागद पदराआड केला.

“मंजिरी, कोणाला बोलू नकोस गं. मला थायरॉइड निघालंय. आज दवा लिहून देणार आहेत.”

त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर डोकंही चालू झालं. दोघींना एकदमच? आमच्या कॉलनीचं पाणी वेगळं, त्यांचं वेगळं. वयात वीसेक वर्षांचं अंतर. आमच्या दोघींत सारखं असं काय होतं? संक्रांत.

आदल्या वर्षीच्या हळदीकुंकवात सगळ्या केसांचंच रडगाणं गात बसल्या होत्या. म्हणून काकूंनी यंदा वाट्यांऐवजी केसांच्या व्हिटॅमिनच्या डब्या लुटल्या होत्या. वाण कुणी नाकारतं का? मी रोज सकाळी चहानंतर श्रद्धेने एक गोळी घेत होते. काकूंनी एक डबी स्वतःलाही ठेवली होती.

मी काकूंबरोबरच आत गेले. गोळीचं सांगितलं आणि घाईघाईने जोडलं, की ती औषध नाही, हमारे यहाँ संक्रांति में देते हैं.

डॉक्टर हसले. “दे कोई भी, जाती तो पेट में ही है न?”

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या गोळीत बायोटिन होतं, ब-गटातलं एक जीवनसत्त्व, आणि तेही गरजेपेक्षा कितीतरी जास्त. काही लॅबमध्ये रक्त तपासण्याच्या पद्धतीतच बायोटिन वापरतात. रक्तात ते जास्त असलं की यंत्र फसतं आणि थायरॉइड ठणठणीत असूनही आकडा बिघडतो. म्हणजे मीटरच! मला तिथेच टाळी वाजवावीशी वाटली. काकू मात्र खाली बघत राहिल्या. डॉक्टरांनी काकूंचं औषध थांबवून ठेवलं. दोघींनी गोळी बंद करायची आणि पुन्हा रक्त द्यायचं ठरलं.

त्या रिपोर्टची वाट बघणं सगळ्यात अवघड गेलं. आपला तर्क चुकला तर काकूंचा उपचार आपल्यामुळे लांबला, हे मनातून जाईना. रिपोर्ट आली. दोघींचंही नॉर्मल. बाकावर काकूंनी माझा हात घट्ट धरला आणि आम्ही दोघी रडलो.

माझ्या केसांचं कारण वेगळंच निघालं. फेरिटिन, म्हणजे शरीरात साठवलेलं लोह, कमी होतं. आता लोहाची गोळी घेते, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. व्हिटॅमिन वाईट असं मी म्हणत नाही. ज्याला कमी आहे त्याला ते हवंच. पण कमी आहे का, हे आधी बघा. आणि “काही घेता का” असं विचारलं, की टॉनिक, काढा, चूर्ण, भेट आलेली डबी, सगळं सांगा. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र मनाने थांबवू नका.

काकू लाजून गप्प बसतील असं मला वाटलं होतं. त्या तर रिक्षा करून डबी दिलेल्या प्रत्येकीच्या घरी जाऊन आल्या. दिलेलं वाण परत मागणारी बाई झाशीने पहिल्यांदाच पाहिली असेल. माझ्या दारातही आल्या, पिशवी पुढे केली.

“टाक यात. आणि हे घे,” म्हणत त्यांनी स्टीलची वाटी हातात ठेवली. आत तिळाचा लाडू होता. मी तोंडात टाकणार, तेवढ्यात त्यांनी हात धरला.

“थांब. आधी विचार, यात काय घातलंय.”