भिकुबाईची लाल ओळ

भिकुबाईला कामावरून काढलं, आणि काढलं ते मी रिपोर्टात दिलेल्या रंगामुळे. अजून आठवलं की डोकं तडकतं. आधी स्वतःवर, मग प्रेमराजवर.

सावद्याला केळीच्या पॅकहाऊसमध्ये मी दोन वर्षं काचेच्या केबिनमध्ये बसून कॉम्प्युटर सांभाळते. भिकुबाई तिथे अठरा वर्षं पेट्या भरतेय. पदर खोचून केळी धुवायच्या टाकीशी उभी राहिली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत हलायची नाही. डागी, वेडीवाकडी फणी आली की बाकीच्या बाया खुशाल तिच्याकडे सरकवतात. ती उलटीपालटी करून बघते, खराब केळं तेवढं नेमकं काढते. आखातात पाठवलेली तिची पेटी खराब म्हणून कधी परत आली नाही. पण असं निवडत बसल्यावर पेट्या कमीच भरणार ना! हे सगळ्यांना ठाऊक आहे. सुपरवायझर प्रेमराजला तर जास्तच, कारण बारा वर्षांपूर्वी घडाच्या फण्या कापायला त्याला हिनेच शिकवलं. तेव्हापासून तो तिला अक्का म्हणतो.

शेठना दर महिन्याला रंगीत रिपोर्ट लागतो. जिची एकही पेटी परत आली नाही तिची ओळ हिरवी, असा नियम मी आधीच घातला होता. या महिन्यात प्रेमराज म्हणाला, "दिपमाला, दिवसाला साठच्या खाली पेट्या असतील त्यांना लाल कर." केलं. आता नवा नियम यादीत आपोआप वर जाऊन बसतो, आणि दोन्ही लागू पडले की वरच्याचाच रंग दिसतो. मला माहीत होतं हे. तरी बघितलं नाही! भिकुबाई दोन्ही नियमांत बसत होती. ती लाल झाली, आणि ती ओळ बघून प्रेमराजने तिला सरळ घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी टाकीशी तिची जागा रिकामी दिसली तेव्हा मला कळलं. मी नियमांची यादी उघडून हिरवा वर घेतला. तिची ओळ लगेच हिरवी झाली.

"बघा, प्रेमराजभाऊ!"

"मी काय करू? कॉम्प्युटरने लाल दाखवलं, मी काढलं."

"आणि तुमचे डोळे काय गहाण पडले होते? चला आत्ताच्या आत्ता तिच्या घरी! नाहीतर शेठना मी सगळं सांगते, माझ्या चुकीसकट."

त्याने गाडी काढली.

भिकुबाई ओट्यावर डाळ निवडत होती. आम्हाला बघून उठली नाही. मी माफी मागितली, नियम वरखाली कसे झाले ते सांगितलं.

"कॉम्प्युटरची चूक झाली, अक्का," प्रेमराज म्हणाला. "उद्यापासून या."

तिने सूप खाली ठेवलं. "कंप्युटर त परवा आला रे. तू त बारा वर्सं झाले माह्या बाजूले उभा आहे नं?"

त्याने मान खाली घातली. मीही घातली, दोन वर्षं मीही काचेपलीकडून तिचे हात बघतच होते.

"येते उद्या," ती म्हणाली. "पन आता मले अक्का म्हनू नको."