अठराव्या दिवसाचा मासा

चार लोक एकदा का एकाच खोलीत मासे शिजताना बसले, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात आणि वासासारखे कपड्यांना चिकटून घरी येतात. आमची लॅब अंबरनाथच्या कारखाना भागात होती, म्हणजे भाड्याची एक शेड! ऐंशीचं दशक संपत आलेलं. मासे निर्यात करणाऱ्या काही शेठ लोकांनी एक प्रोजेक्ट दिला होता. मच्छीमार बोटींवर बर्फासाठी लाकडी पेट्या असायच्या, त्याऐवजी आमच्या साहेबांनी थर्माकोलचं अस्तर लावलेली नवी पेटी केली होती. तिच्यात मासा किती दिवस चांगला राहतो, एवढंच सांगायचं. सांगता आलं तर प्रोजेक्ट पुढे, नाहीतर आम्ही सगळे घरी.

मी तिथली केमिस्ट, आणि घरची शुद्ध शाकाहारी. नोकरी लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "काम कर, पण हात बाहेर धुऊन ये."

*

पहिल्याच उन्हाळ्यात आमचा डीप फ्रीझर बंद पडला. आत तीन महिन्यांचे नमुने! साहेबांना घाम फुटला. मी रिक्षा करून उल्हासनगर कॅम्प दोनमधून एका सिंधी मेकॅनिकला घेऊन आले. त्याने मागचं कव्हर काढलं, दोन वायरी जोडल्या, मोटर सुरू केली. मग झाकण उघडून आत डोकावला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "साईं, फ्रिज तो चालू है. लेकिन मछली मर गई है!"

साहेब हसले नाहीत. त्या वर्षी ते कशालाच हसत नव्हते.

*

चव बघायला पाच जणांचं पॅनेल होतं. मासा न बघता, फक्त नंबर लावलेल्या बशीतला उकडलेला तुकडा खाऊन दहापैकी मार्क द्यायचे. पान नाही, तंबाखू नाही, अत्तर नाही, सर्दी तर मुळीच नाही! पॅनेलचे प्रमुख गायकवाड. शिंक आली तरी घाबरायचे, कारण नाक गेलं की नोकरी गेली.

ते मुलगी बघायला कल्याणला गेले. मुलीच्या आईने कौतुकाने तळलेले बोंबील पुढे ठेवले. गायकवाडांनी सवयीने डोळे मिटले, हुंगलं, चावलं आणि म्हणाले, "बर्फ कमी पडलाय."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "किती मार्क?"

"बोंबलाला चार, सर. मला शून्य."

*

गायकवाडांचं घर बदलापूरला, मांजर्लीत. एका पावसाळ्यात उल्हास नदी थेट त्यांच्या स्वयंपाकघरात आली. आम्ही सगळे काळजीत. दुपारी फोन वाजला. गायकवाड गुडघाभर पाण्यातून पीसीओपर्यंत आले होते.

"घरचे सगळे माळ्यावर आहेत, ठीक आहेत," ते ओरडले. "पण सर, बाराव्या दिवसाचं पेटीचं टेंपरेचर कोणी लिहिलं?"

*

आता माझी झोप उडवणारा भाग. केमिकल टेस्टमध्ये जुन्या पेटीतला मासा सातव्या दिवशी आणि नव्या पेटीतला अकराव्या दिवशी माझ्या वहीत लाल रेघ ओलांडायचा. म्हणजे मासा खराब! आणि पॅनेल नव्या पेटीतल्या माशाला अठराव्या दिवशीही दहापैकी आठ मार्क देत होतं. मी तीन वेळा टेस्ट केली. तिन्ही वेळा तेच.

"पाच जिभा बरोबर आणि तू एकटी चूक," साहेब म्हणाले. कच्च्या माशाचा वास घेणं त्यांचं काम होतं, आणि त्यांचं नाक बारा महिने चोंदलेलं! मला घाण वास येत होता, पण मला तर ताजा मासाही तसाच वाटायचा. माझ्या नाकाला कोण विचारतो? रिपोर्टवर अठरा दिवस लिहिलं गेलं. त्यावर विश्वास ठेवून एखादी बोट अठरा दिवस समुद्रात राहिली तर?

रिपोर्ट बघायला मुख्य शेठ यायच्या आदल्या दिवशी मी उकडायच्या खोलीत गेले. तिथे आमच्या सुशीलाबाई असायच्या. शिरगावकडच्या, हाताला चव असलेल्या. नियम होता, नुसता मासा वाफवायचा. मीठसुद्धा नाही. बाईंनी मासा चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवला होता.

"बाई, हे काय?"

"जुन्या मावऱ्यालाच करतंय, ताई, मंग धुऊन उकडतंय. ताज्याला हात नाय लावत. मानसांच्या पुढ्यात वास मारनारं कसं ठेवू?"

म्हणजे सहा महिने पॅनेल चिंचेलाच मार्क देत होतं! मी तिथेच स्टुलावर बसले. मग उठून साहेबांना सांगितलं.

*

शेठ आले. साहेबांनी सगळं खरं सांगितलं. तेवढं मात्र मानलं पाहिजे त्यांना.

शेठ शांतपणे म्हणाले, "अठरा दिवस विसरा. खरे किती? आत्ता सांगा, नाहीतर उद्या शेडला कुलूप."

साहेबांनी पॅनेलकडे बघितलं. पॅनेलने जमिनीकडे. मी वही उघडून पान शोधू लागले. तेवढ्यात दारातून सुशीलाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या,

"मना इचारा ना. जुन्या पेटीच्या मावऱ्याला सातव्या दिसाला चिंच लागली. नव्या पेटीच्या अकराव्याला. दर वेलेला."

मी वही शेठच्या पुढे सरकवली. त्यांनी एक लाल रेघ बघितली, दुसरी बघितली, मग बाईंकडे बघितलं. आणि साहेबांना म्हणाले,

"मग हे पाच जण कशाला ठेवलेत?"

गायकवाडांनी घाबरून नाकावर हात ठेवला.