खळ्यातली मोटर

नववीच्या वर्गाला मी दरवर्षी ग्रहण शिकवते. एक टॉर्च, एक फुटबॉल, एक टेनिसचा चेंडू, आणि खिडक्यांना लावायला शाळेचे जुने पडदे. धडा संपता संपता कोणीतरी हमखास विचारते, "टीचर, गरोदर बाईने ग्रहण बघितले तर बाळाचा ओठ फाटतो, खरे?" मी ताडकन सांगते, "काही होत नाही! सावली ती सावली. उद्या छत्रीच्या सावलीला भ्याल!" पोरे खो खो हसतात, घंटा होते.

मग एका डिसेंबरात सकाळचे सूर्यग्रहण आले, तेव्हा मला सहावा महिना होता आणि माझी पाचावर धारण बसली.

याआधी माझी कूस दोनदा रिकामी झाली होती. कारण कोणालाच सांगता आले नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, होते असे कधी कधी. या खेपेला त्यांनी सक्त ताकीद दिली होती. जिना नको, स्कूटर नको, कळशी उचलायची नाही, धावायचे तर मनातसुद्धा आणायचे नाही. मी शाळेतून लांब रजा घेतली आणि पेडण्याच्या आमच्या घरात पाय उंच करून बसले. नवरा डिचोलीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचा, म्हणजे दिवसभर घरात मी आणि सासू. आमच्यात सासूला आईच म्हणतात.

आईंनी पंचांगात ग्रहण माझ्या आधी बघून ठेवले होते. एका दुपारी पोळे उलथता उलथता म्हणाल्या, "त्या दिसा तू आतल्या खोलीत बसायचा. कायएक कापायचा नाय, चिरायचा नाय, निजायचा नाय. जनेलाक गोणपाट बांधतंय मी."

मी भांडायला हवे होते. फुटबॉल, टेनिसचा चेंडू, सगळे काढायला हवे होते. तोंड उघडले आणि तोंडातून आले, "बरे, आई." माझेच मला नवल वाटले. खरे सांगायचे तर मला सुटल्यासारखे वाटले. पोटात जीव वाढत असतो तेव्हा शास्त्र एका बाजूला राहते आणि पोट एका बाजूला. समजा, हजारात एकदा खरे निघाले तर? तो एक माझाच असेल, अशी माझी खात्री होती. दोनदा तो एक मीच ठरले होते.

पण त्या ग्रहणाचे फोटो मला काढायचे होते. पगारातून घेतलेला कॅमेरा, लांब लेन्स, सगळी तयारी बाळाच्या आधीपासूनची. एवढा सूर्य झाकणारे ग्रहण आमच्या आभाळात रोज थोडेच येते! मी आत आणि ग्रहण बाहेर, तर कॅमेऱ्याला माझ्याशिवाय सूर्याच्या मागे जाता आले पाहिजे. म्हणून ती मोटर.

सूर्य नुसत्या डोळ्याला जागच्या जागी दिसतो, पण लांब लेन्समधून बघा, चहा उकळेपर्यंत चौकटीबाहेर गेलेला असतो. त्यावर उपाय सोपा आहे. दोन फळ्या घ्यायच्या आणि त्या एका कडेला दाराच्या बिजागरीने जोडायच्या. खालची फळी पक्की बसवायची, वरचीवर कॅमेरा. मधून आटे पाडलेला लांब बोल्ट. बोल्ट सावकाश फिरला की वरची फळी पुस्तक उघडावे तशी उघडत जाते. बिजागरी ध्रुवाच्या रोखाने असली की कॅमेरा सूर्याच्या चालीने चालतो. आमच्याकडे ध्रुव अगदी खाली, माडांच्या शेंड्यांत अडकलेला. म्हणून फळ्यांखाली ठोकायची पाचर मी बुटकी कापली. बोल्ट फिरवायला शाळेतल्या मोडक्या प्रिंटरची मोटर, तिला चालवायला बोटभर सर्किट आणि जुन्या स्कूटरची बॅटरी. कॅमेरा ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणार. मोटर चालू झाली की भिंतीत भुंगा शिरल्यासारखी घुंईं करायची. ते ऐकून आई म्हणायच्या, "तुझा पाळणो चालू झालो."

अडचण एकच होती. बोल्टाची लांबी तासाभरात संपायची. मग मोटर उलटी फिरवायची, फळी मिटवायची आणि कॅमेरा हलवून सूर्य परत मधोमध आणायचा. त्यासाठी बाहेर माणूस हवा.

"मी आसंय मगे," आई म्हणाल्या.

"आई, ग्रहणात? तुम्ही?"

"माका काय होवचा हा? माझा पिकाचा ता पिकून गेला."

आदल्या दिवशी मी त्यांना पुढच्या अंगणात, खळ्यात, कदेलीवर म्हणजे खुर्चीवर बसून शिकवले. हे बटण दाबले की मोटर उलटी. हा मळसूत्राचा दांडा सैल करायचा, कॅमेरा हलवायचा, परत आवळायचा. आणि मागच्या भोकाला डोळा लावून बघायचे. सूर्य नारिंगी चकतीसारखा मधोमध दिसला की झाले. आईंनी चष्मा काढला, एक डोळा गच्च मिटला आणि भोकाला डोळा लावला. "अगो, संत्र्याची गोळी!" त्या एवढ्या खूश झाल्या की तीनदा बघितले.

सूर्य संत्र्याच्या गोळीसारखा दिसतो तो लेन्सच्या तोंडावरच्या चंदेरी फिल्ममुळे. ती फिल्म मी पुठ्ठ्याच्या कड्यात ताणून बसवली होती आणि कडे लेन्सवर चिकटपट्टीने लावले होते. ती नसेल तर तेच भोक भिंगासारखे ऊन एकवटून डोळ्यात ओतते. बघणाऱ्याचा डोळा जातो, आणि जाताना दुखतसुद्धा नाही. हे मला पाठ होते. आईंना मी सांगितले का? "चांदीला हात लावू नका," एवढे सांगितले. का लावायचा नाही, ते सांगितले नाही. भ्याल्या असत्या, आणि मला माणूस हवा होता.

ग्रहणाच्या सकाळी थंडी होती. मोप्याच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, तेव्हा विमानतळ होऊ घातला होता. त्या बाजूचे ट्रकसुद्धा त्या दिवशी ऐकू येत नव्हते. सगळ्या वाड्याची दारे लागलेली. पाण्याच्या भांड्यांत तुळशीची पाने पडली. मी कॅमेरा एका बसक्या स्टुलावर मांडला, फळ्या रोखल्या, सूर्य चौकटीत घेतला, मोटर चालू केली आणि ग्रहण लागायच्या आधी आत जाऊन बसले. आईंनी गोणपाट ठोकलेलेच होते. त्या माझ्यासमोर पाटावर बसल्या आणि पुटपुटत जप करू लागल्या.

अंधारात दोघी बसलो. बाहेरून घुंईं येत होते. बाळ ढुशा देत होते, तेवढा धीर होता. मग माझी नजर जमिनीवर गेली. गोणपाटाला कुठेतरी बारीक भोक होते आणि त्यातून उन्हाचा ठिपका माझ्या पायाजवळ पडला होता. तो गोल नव्हता. एका बाजूने खाल्लेला होता.

हे असे होते हे मी वर्गात शिकवते. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून करून दाखवते. तरी माझ्या अंगावर सरसरून काटा आला. दारे लावून, गोणपाट बांधून बसले, तरी ग्रहण मला हुडकत आत आले! मी पाय पोटाशी घेतला. ठिपका हळूहळू सरकत होता आणि कोरीव होत होता. आईंना मी दाखवला नाही. त्यांनी तो बघितला असता तर माझ्या पुढ्यात आडव्या पडल्या असत्या.

ठिपक्याची कोयती झाली तेव्हा घुंईं थांबले. बोल्ट संपला.

"थांबली?" आईंनी विचारले. त्यांना कमी ऐकू येते. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांनी ओळखले. "तू हल्लंस तर बघ," म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. थंडीसाठी कानावरून घेतलेला टॉवेल त्यांनी आणखी घट्ट केला.

मी खिडकीपाशी गेले आणि गोणपाटाच्या त्या भोकाला डोळा लावला. ऊन होते, पण ते ऊन दिसत नव्हते. सगळे खळे राखेच्या रंगाचे झाले होते. फणसाखाली पानांच्या फटींतून शेकडो कोयत्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावरून आई चालत गेल्या. त्यांनी बटण दाबले. मोटर उलटी फिरली, फळी मिटली. शाबास! त्यांनी दांडा सैल केला, वाकल्या, कॅमेरा वळवला. उठताना त्यांचा पदर लेन्सवरून ओढला गेला.

जमिनीवर काहीतरी चकाकले. माझे चंदेरी फिल्मचे कडे. सकाळच्या दवाने चिकटपट्टी सुटली होती आणि पदराने उरलेले काम केले होते.

आईंनी ते बघितलेच नाही. त्या चष्मा काढत होत्या.

"आई! बघू नका!" मी ओरडले. "आईऽऽ!" त्यांनी चष्मा पदराला पुसला. एक डोळा मिटला. मी शिकवला होता अगदी तसा, गच्च.

पुढचे मला नीट आठवत नाही. आठवते ते एवढेच की मी धावले. आतली खोली, माजघर, उंबरा, दोन पायऱ्या. पोट दोन्ही हातांनी धरले होते आणि तोंडाने म्हणत होते, नको नको नको. ते कोणाला म्हणत होते, देव जाणे. बसक्या स्टुलाशी गुडघे धरून सावकाश वाकता वाकता आईंचे तोंड आता भोकापाशी टेकत होते. त्यांना मागे ओढायला वळसा घ्यावा लागला असता. मी सरळ पुढून शिरले आणि लेन्सच्या तोंडासमोर उभी राहिले. लेन्स माझ्या पोटाला टेकली. पाठीवर ग्रहणाचे ऊन.

"काळा दिसता गो," आई भोकात बघत म्हणाल्या. मग त्यांनी मान वर केली आणि मला बघितले.

त्यांची ती किंकाळी वाड्यात कोणी ऐकली नसेल तर नवल. "अगो बाये, भायर कित्याक इलंस!" त्यांनी स्वतःच्या अंगावरचा टॉवेल काढून माझ्या पोटावर टाकला, मला कवटाळले आणि तशीच ढकलत आत नेले. मी त्यांचा एक डोळा झाकून कॅलेंडरवरचा आकडा विचारत होते, मग दुसरा झाकून. "बघा ना, किती आहे?" त्या आकडे सांगत होत्या आणि रडत होत्या. त्यांना वाटले मला वेड लागले.

आकडे बरोबर होते. मी सगळे सांगितले, चांदीचे, डोळ्याचे. आईंनी ऐकून घेतले. मला न्हाऊ घातले, दिवा लावला आणि कुडाच्या आडोशाला जाऊन जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, काय गाऱ्हाणे घातले ते त्यांचे त्यांना ठाऊक.

दुपारी बाळ हलले नाही. संध्याकाळीही नाही. मी कुशीवर निजले, गोड खाल्ले, पोटाशी बोलले. लाज सोडून माफी मागितली. धावल्याने झाले की सावलीने, हा हिशेब मी रात्रभर मांडत होते, आणि विज्ञानाची टीचर असून सावलीकडे झुकत होते. पहाटे एक ढुशी आली, लहानशी. मी नवऱ्याचा हात ओढून पोटावर ठेवला. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हते. आईंनी त्याला सांगितले नाही, शेजारी सांगितले नाही, आणि मलाही परत त्याबद्दल विचारले नाही.

कॅमेऱ्यातले फोटो मी त्या आठवड्यात बघितले. पहिल्या तासाच्या नारिंगी कोरी सुरेख होत्या. पुढे दोन-चार नुसतेच पांढरे. मग एक काळपट, त्यात अंधूक फुले. ती माझ्या मॅक्सीची. आईंनी दिष्ट लागेल म्हणून माझा गरोदरपणात एकही फोटो काढू दिला नव्हता. तो एवढाच आहे.

पुढचे तीन महिने मी भीतच काढले. सोनोग्राफीच्या पडद्यावर मी फक्त ओठ शोधायचे. डॉक्टरीणबाई सगळे ठीक म्हणायच्या आणि मी घरी येऊन परत भ्यायचे. आईंची नजर माझ्या पोटावर असायची आणि मी बघितले की त्या तांदूळ निवडू लागायच्या.

म्हापशाच्या इस्पितळात मुलगी झाली. नर्सने गुंडाळलेले बाळ आईंच्या हातात दिले. मी बाळाकडे बघू शकले नाही, आईंच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी कापड बाजूला केले. ओठावरून बोट फिरवले. हातांची बोटे उघडली, पायांची उघडली, कान चाचपले. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा सगळे पहिल्यापासून बघितले.

"सगळा बरोबर आसा," त्या म्हणाल्या. मला हुंदका फुटला.

त्यांनी बाळ माझ्या कुशीत ठेवले आणि माझ्या कानाशी वाकल्या.

"त्या दिसा तू भायर इलं नसतंस," त्या म्हणाल्या, "तर ह्या तोंड माका खंय दिसला असता?"