आधी विचारून यावे

अख्ख्या मुंबईत असा एकच मालिशवाला असेल, की ज्याच्या दारात दुखरी पाठ घेऊन, हात जोडून उभं राहिलं तरी मालिश करून मिळत नाही. आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं नशीब. माझी पाठ लग्नाच्या आधीपासून दुखते. सोयरीक जमली तेव्हा आमच्या गिरगावच्या बिऱ्हाडी सगळ्यांनी मला भाग्यवान ठरवलं होतं, कारण मुलीचा मामा लालबागला मालिशवाला, म्हणजे जावयाच्या पाठीची कायमची सोय झाली. त्या सगळ्यांना एकदा मामांकडे नेऊन उभं करावं असं मला पुष्कळदा वाटतं.

मामांची खोली चाळीच्या तळमजल्यावर. पुढे मालिशचं टेबल, मध्ये पडदा, मागे मामींचा संसार. दारावर पाटी आहे, ‘उपचारात्मक मालिश. आधी विचारून यावे.’ नवख्या माणसाला वाटतं, आपण वेळ विचारायची. प्रत्यक्षात विचारतात ते मामा. एकदा मी ऑफिसातून फोन करून शनिवारची वेळ मागितली. पलीकडून पहिला प्रश्न आला, “जावईबापू, पोट साफ होतं का रोज?” मी हळूच हो म्हटलं. मामांना ऐकू गेलं नाही. शेवटी सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात मला माझ्या पोटाची हमी द्यावी लागली. मग ताप, रक्तदाब, साखर, जुनी ऑपरेशनं, रक्त पातळ करायच्या गोळ्या, अंगावर कुठे पुरळ, तेलाची अ‍ॅलर्जी, अशी उलटतपासणी झाली. त्यातून मी सुटलो आणि शनिवारी बस पकडून लालबागला पोचलो, तर दारातच “नाश्त्याला काय खाल्लंत?” मिसळ, असं मी खरं सांगितलं. मामांनी मला पाणी दिलं, खुशाली विचारली आणि परत पाठवलं. पुढच्या खेपेला उपाशी गेलो, पण निघताना दुखणं सोसवेना म्हणून एक गोळी घेतली होती. “गोळी घेतल्यावर किती दुखतंय ते तुम्हालाच कळायचं नाही, मग मला कोण सांगणार?” मामा म्हणाले. त्यानंतर एकदा अंग किंचित कोमट लागलं म्हणून परत आलो, आणि एकदा दाढी करताना मान कापली होती म्हणून. मामी दर वेळी पडद्याआडून चहा पाठवायच्या. त्या घरी मी इतका चहा प्यायलो होतो, पण तेलाचा थेंब म्हणून अंगाला लागला नव्हता.

‘जोरात’ हा शब्द त्या खोलीत उच्चारायची बंदी. आपल्या लोकांना मालिश म्हटली की किंचाळी निघाल्याशिवाय अंगी लागल्यासारखी वाटत नाही, आणि नेमकी त्याचीच मामांना चीड. त्यांचं म्हणणं, तुमचा दाब आणि माझा दाब एक नसतो, तेव्हा तोंडाने सांगू नका, दाखवा. मग ते बाही वर करून आपला हात पुढे करत. त्यावर गिऱ्हाइकाने अंगठ्याने दाबून दाखवायचं, की एवढा दाब हवा. एकदा जिममध्ये जाणारा एक दणकट गडी आला. “काका, एकदम कडक पाहिजे, हाड न् हाड बोललं पाहिजे!” म्हणत त्याने मामांचा हात असा दाबला की मला बघवेना. मामांनी त्याच्या निम्मा दाब त्याच्या खांद्यावर दिला. गडी “आई गं” करत टेबलावरून खाली. “बोललं हाड,” मामा शांतपणे म्हणाले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अंग आंबलेल्या पोरांची दाराशी रांग लागायची. रात्रभर नाचलेल्या त्या सगळ्यांना मामा एकच उपचार सांगत, “घरी जा, पाणी प्या, झोपा.” पोरं नाक्यावरच्या दुसऱ्या मालिशवाल्याकडे जात आणि त्याची दिवाळी होई.

एक गृहस्थ पोटरी सुजली म्हणून आले. एकच पाय सुजलेला, हाताला गरम. मामांनी बोटसुद्धा लावलं नाही. आत रक्ताची गाठ असेल तर चोळून सरकेल, आधी डॉक्टर, असं म्हणून त्यांना टॅक्सीत घालून हॉस्पिटलात धाडलं. तिथे कळलं की काहीतरी चावलं होतं. त्या गृहस्थांनी लालबागभर मामांची छी थू केली. मी ते मामांच्या कानावर घातलं तर म्हणाले, “नव्हतं ते बरंच झालं ना, जावईबापू?” दुसऱ्या एकाचे पाय साखरेने बधिर झालेले. तो म्हणाला, काही कळत नाही, जरा दम लावून दाबा. त्याला मामांनी समोर बसवून समजावलं, “ज्याला लागलेलं कळत नाही, त्याला दाबून चालत नाही. तुम्ही ओरडणार नाही आणि मी थांबणार नाही.” आणि त्यालाही चहाच मिळाला.

गेल्या वर्षी मात्र कहर झाला. मामा जुन्या, पाठ झालेल्या गिऱ्हाइकांनाही घालवू लागले. कोणाची झोप कमी, कोणाचं वजन घटलंय, कोणाचं मन थाऱ्यावर नाही. टेबलावरची चादर दिवसचे दिवस चुरगळेना. बायको म्हणाली, “मामाला काहीतरी झालंय. तू जा. सगळं पाळून जा, त्याला बोट ठेवायला जागा देऊ नकोस.” मी गेलो. पोट हलकं, गोळी नाही, ताप नाही, आंघोळ झालेली, साखळी आणि अंगठी घरी. मामांनी सगळं विचारलं. मी सगळ्यांत पास. मग त्यांनी, काल कोणाशी भांडलात का, असंही विचारलं. नाही म्हटलं. प्रश्न संपले. मामा टेबलावरची चादर झटकून पुन्हा घालत म्हणाले, “बरं. झोपा.”

इतक्या वर्षांनी मी त्या टेबलावर पालथा पडलो. कोमट तेल आलं, तळवे आले. मी अंगठ्याची वाट बघत होतो. अंगठा आला, पण दाब येईना. पाठीवरून कोणी ओल्या फडक्याने पुसावं तसे हात फिरत होते. टेबलावर खोटं बोलायचं नाही, हा मामांचा सगळ्यात मोठा नियम. “दाब कसाय?” त्यांनी विचारलं. “एकदम बरोबर,” मी म्हणालो. हात थांबले. “उठा. किती दाब होता ते दाखवा.” त्यांनी बाही वर केली. मी अंगठा टेकवला आणि होता नव्हता तेवढा दम लावून दाबला. नखाखालची कातडी पांढरी पडली. मामा आपल्याच हाताकडे, तो दुसऱ्याच कोणाचा असावा तसे बघत होते.

“खोटं बोललात,” ते म्हणाले. “आणि मला ते लागलंसुद्धा नाही.”

मग सांगितलं. मानेतली नस दबली होती, दोन्ही हात गणपतीपासून बधिर होत चालले होते. डॉक्टर म्हणाले होते, गेलं ते परत येईल असं धरून चालू नका. मामींना माहीत होतं, आणखी कोणाला नाही. “समोरच्याला लागलं तर माझ्या हाताला आता कळत नाही. अशा हातांनी माणसाला कसं शिवायचं?” म्हणून ते एकेकाला काहीतरी कारण काढून घरी पाठवत होते. फार वाईट वाटलं. मी शर्ट घातला. पडद्याआडून चहा आला, तो आम्ही दोघांनी प्यायला.

पाटी अजून आहे. लोक फोन करतात, मामा पोटापासून सगळं विचारतात आणि पास झालेल्याला दुसऱ्या कोणाकडे तरी पाठवतात. शनिवारी मी जातो, ते त्यांच्या हातांना तेल लावायला. माझी पाठ दुखतेच आहे. आधी माझी तपासणी होते, नखं कापली का, हात गार तर नाहीत ना. परवा मी त्यांची बोटं एकेक करून चोळत होतो. मामा खिडकीबाहेर बघत एकदम म्हणाले, “जरा जोरात दाबा हो.”

त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. माझे हात थांबले.

“नाही मामा,” मी म्हणालो. “ज्याला लागलेलं कळत नाही, त्याला दाबून चालत नाही.”

मामांनी मान वळवली आणि थोडे हसले. “पास,” म्हणाले. त्यांचा हात मी दोन्ही हातांत धरून ठेवला. तो धरलेला आहे, हे त्यांना खाली बघून कळत होतं.